दोन टाक्यांच्या मधलं पाणी

आमच्या बाथरूमच्या दारावर गेल्या एप्रिलपासून एक पाटी आहे. ‘आत काम चालू आहे. विचारल्याशिवाय दार उघडू नये. हुकमावरून.’ कोणाच्या हुकमावरून, ते काही लिहिलेलं नाही. फरश्या घासते मी, नळ गळला तर प्लंबरच्या मागं लागते मी, आणि हुकूम सोडणार अण्णासाहेब ओव्हाळ!

अण्णासाहेब म्हणजे आमचे हे. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. सत्तावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्लेटिंगच्या खात्यात होते. प्लेटिंग म्हणजे लोखंडाच्या नटबोल्टांना जस्ताचा मुलामा द्यायचा, म्हणजे ते गंजत नाहीत. मी केसरबाई, चिखलीत घरूनच डबे करते, कंपन्यांत कामाला आलेल्या चौदा पोरांचे. चौदा डबे भरून झाल्यावर माणसाला आंघोळ करावीशी वाटते की नाही? तर बाथरूमवर ती पाटी.

फोटोचं वेड ह्यांना लग्नाआधीपासूनचं. आमच्या लग्नात भन्तेजी पंचशील म्हणत होते आणि नवरदेव हळूच फोटोग्राफरला सांगत होता, ‘भाऊ, उजेडाकडं पाठ कर.’ पुढं पुण्याच्या जुन्या बाजारातून एक फिल्मचा कॅमेरा आणला, विटेएवढा जड. आमचा मुलगा संघर्ष हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो, ‘पप्पा, मोबाईलवर काढा ना.’ तर ह्यांचं उत्तर ठरलेलं. ‘मोबाईलवर फोटो निघतो. काढावा लागत नाही.’ एवढं लांब वाक्य हे वर्षातून दोनदाच बोलतात, त्यामुळं पोरगं गप्प बसतं.

मागच्या मार्चमध्ये कंपनीनं ठरवलं की हातानं चालवायची प्लेटिंगची लाईन, म्हणजे टाक्यांची अख्खी रांग, मोडायची आणि तिथं रोबोट बसवायचे. त्याच महिन्यात हेही रिटायर. खात्यातले अकरा जण हळहळले, म्हणाले, लाईनीबरोबर एक फोटो तरी पाहिजे राव. पण कंपनीत फोटो काढायला सक्त मनाई. गेटवर सिक्युरिटीवाला प्रत्येकाच्या मोबाईलच्या डोळ्यावर गोल स्टिकर चिकटवतो. शेवटी ह्यांचे दोस्त नानासाहेब, मोशीचे, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी, ते थेट एचआरच्या मॅडमपुढं हा कॅमेरा घेऊन उभे राहिले. मॅडम पंचविशीची पोरगी. ती म्हणाली, ‘अय्या, ह्यात रोल मिळतो अजून?’ आणि हसत हसत तिनं परवानगी दिली. एक रोल, आणि ती स्वतः शेजारी उभी राहणार.

बुधवारी ह्यांनी छत्तीस फोटो काढले. गुरुवारी कंपनीला सुट्टी. शुक्रवारी गॅस कटरवाले आले आणि संध्याकाळपर्यंत लाईन भंगाराच्या ट्रकात गेली. आता ती लाईन जगात फक्त ह्यांच्या त्या रोलमध्ये होती, आणि रोल आमच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी.

खरं सांगते, मलाही ते फोटो बघायचे होते. कंपनीत दरवर्षी फॅमिली डे असायचा, पण बायकांना दाखवायचे काय, तर बाग, कँटीन आणि काचेच्या कपाटातले बोल्ट. ‘प्लेटिंग कुठंय?’ विचारलं की म्हणायचे, ‘तिकडं वास येतो मॅडम.’ वास मला काय नवा होता? सत्तावीस वर्षं तो ह्यांच्या शर्टाला घरी येत होता.

पण फोटो काढणं वेगळं आणि रोल धुणं वेगळं. पूर्वी एकदा एका लॅबला पाठवलेला रोल कुरियरमध्येच गडप झाला होता, म्हणून हे म्हणाले, घरीच धुणार. त्यात एप्रिल महिना. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिलात असं येतं की गिझर लावायचं काम नाही, आणि फिल्म धुवायचं साधं औषध, डेव्हलपर, म्हणे उष्णतेनं चिडतं. म्हणून ह्यांनी दोन बाटल्यांचं डेव्हलपर बनवलं, ते उकाडा चालवून घेतं. एका बाटलीवर लिहिलं अ, दुसरीवर ब. फिल्म आधी एका झाकणाच्या डब्यात भरायची, एवढंच काम अंधारात. मग त्या डब्यात अ ओतायचं. अ फिल्मच्या अंगात मुरतं, पण नुसतं बसून राहतं. मग अ काढून ब ओतायचं. ब म्हणजे चक्क धुण्याचा सोडा! तो लागला की मुरलेलं औषध जागं होतं आणि चित्र उमटतं. दोन मिनिटांत मला समजलं. ह्यांना समजवायला वीस मिनिटं लागली, ती गोष्ट वेगळी.

हे काही उतावळे नाहीत. लाईनीच्या रोलला हात लावायच्या आधी दुसरा रोल घेऊन चाचणी केली. त्यात आमची गॅलरी, पाण्याचा टँकर, समोरचं ग्राइंडिंगचं वर्कशॉप आणि न विचारता काढलेला पोळ्या लाटतानाचा माझा फोटो. धुऊन बघतात तर फिल्म जवळजवळ कोरी. उन्हाकडं धरली तेव्हा कुठंतरी माझ्या पोळपाटाचं भूत दिसलं, मी तर त्यात नव्हतेच.

‘कॅमेरा गेला,’ संघर्ष म्हणाला.

‘नाही,’ हे म्हणाले आणि फिल्मची कड त्याच्या नाकासमोर धरली. फिल्म बनवणारी कंपनीच कडेला बारीक नंबर छापून ठेवते, ते कॅमेऱ्यातून येत नाहीत, पण धुतल्यावरच दिसतात. कॅमेरा बिघडला असता तर ते नंबर तरी ठणठणीत आले असते. इथं नंबरसुद्धा अशक्त. म्हणजे दोष धुण्यात. मी कौतुकानं बघितलं हो, खोटं कशाला बोलू? ह्या माणसाला दहा वाजता चष्मा सापडत नाही, पण असलं काही असलं की डोकं कसं लख्ख चालतं.

मग सुरू झाली कंपनीची पद्धत. फ्रिजवर एक मोठा कागद चिकटवला, त्यावर माशाचा सांगाडा काढला. कंपनीत माल बिघडला की असाच काढतात म्हणे. एकेका काट्यावर लिहिलं: माणूस, मशीन, माल, पद्धत. मालाच्या काट्यासाठी नवीन सोडा आणला. पाण्याचा संशय घेतला आणि वीस लिटरचा जार मागवला. थर्मामीटर बदललं. पद्धतीच्या काट्याखाली चौदा पायऱ्या लिहिल्या आणि चौदाही पायऱ्यांपुढं ‘ओके’. आणि माणसाच्या काट्याखाली काय लिहावं? ‘केसरबाईनं दार उघडलं.’

‘अहो, तेव्हा डब्याला झाकण होतं की!’ मी म्हटलं.

‘संशयाचा फायदा आरोपीला नंतर,’ म्हणाले. माझ्याच फ्रिजवर माझंच नाव! मी त्या काट्यावर भेंडीच्या आकाराचं चुंबक लावून टाकलं.

चौदा पायऱ्या मोबाईलवरच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकल्या. नागपूरपासून कोलकात्यापर्यंतच्या लोकांनी तपासल्या, सगळे म्हणाले, बरोबर आहे. एकजण म्हणाला, हल्लीच्या फिल्मचा थर पातळ असतो, अ कमी मुरतं, वेळ वाढवा. वाढवला. दुसऱ्या चाचणीचा रोलही तसाच निघाला, आजारी माणसाच्या नखासारखा.

इकडं नानासाहेबांचा रोज फोन. ‘अण्णा, फोटू कुठवर आलं? मी फ्रेम बी आणून ठिवलीय.’ हे फोन घ्यायचंच टाळायला लागले. मला खुणेनं सांगायचे, बाथरूममध्ये आहेत म्हणून सांग. ते काही खोटं नव्हतं म्हणा.

एक दिवस दुपारी जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. बघते तर फ्रिज उघडा टाकून, तो लाईनीचा रोल मुठीत धरून बसलेले. म्हणाले, ‘केसर, हा धुवायलाच नको. न धुतलेला आहे तोवर ह्यात अकरा माणसं आहेत.’

ह्यांनी नोकरी सुटल्यावर डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. निरोपाचा नारळ आणि शाल घेऊन आले, चहा प्यायले, पेपर वाचला. मला वाटलं होतं, बरं झालं, सुटला एकदाचा माणूस. पण मला वाईट वाटलं की राग येतो, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, ‘फ्रिजचं दार लावा आधी, कोथिंबीर सुकतेय. आणि उद्या मी बसते वेळ लावायला. बघू तुमचं काय बिघडतंय ते.’

दुसरा दिवस बुधवार, पोरांना चिकनचा डबा. दोन किलो चिकनला सकाळीच आलं-लसूण, दही, हळद चोळून मुरत ठेवलं होतं. मी बाथरूमच्या दाराबाहेर पाट टाकून बसले, समोर कांद्याची पाटी, शेजारी मोबाईलवर घड्याळ लावलेलं. आत ह्यांची तिसरी चाचणी. डोळे कांद्यानं मिटलेले, त्यामुळं कान उघडे. अ ओतल्याचा आवाज. डबा हलवल्याचा. ‘पाच मिनिटं!’ मी ओरडले. अ परत बाटलीत गेल्याचा आवाज. मग नळ. मग डब्यात पाणी खुळखुळलं, भसकन मोरीत गेलं. मग ब.

‘अहो, मधे नळ कशाला सोडलात?’

‘कोणी सोडला?’

‘आत दुसरं कोण आहे?’

‘मी नळाला हातसुद्धा लावला नाही,’ हे आतून म्हणाले आणि दाराखालून एक कागद सरकवला. त्यावर स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘अ नंतर लगेच ब. मधे पाणी नको.’ खाली तांबड्या पेनानं दोन रेघा. रोल बाहेर आला, पुन्हा अशक्त.

मी कांदे ठेवले बाजूला. म्हटलं, कंपनीत आग लागल्याची खोटी खोटी तालीम करतात ना, तशी करा. दोन्ही बाटल्यांत साधं पाणी घ्या, डब्यात फिल्म नको, दार उघडं. मी बघते. हे कुरकुरले, पण केलं. अ ओतलं, हलवलं, पाच मिनिटं झाल्याचं मी सांगितलं. उजव्या हातानं अ परत बाटलीत ओतलं, आणि त्याच वेळी डावा हात सरळ गेला नळाकडं. चावी फिरवली, डबा नळाखाली, दोन हिसके, पाणी मोरीत. आणि उजवा हात ब उचलणार तेवढ्यात मी मनगट धरलं.

‘हे काय?’

हे आपल्याच हाताकडं बघत राहिले. मग बादली उपडी करून तिच्यावर बसले. म्हणाले, ‘मी नुसतं पाणी दाखवलं गं.’

मग एकेक निघालं. लाईनीवर तेल काढायची टाकी, की मग पाण्याची. ॲसिडची टाकी, की मग पाण्याची. जस्ताची टाकी, की मग पाण्याची. पहिल्या वर्षी ह्यांनी घाईत एकदा मधलं पाणी चुकवलं, ॲसिड जस्ताच्या टाकीत गेलं, अख्खी टाकी फेकावी लागली आणि ह्यांना मेमो मिळाला. त्या दिवसापासून ह्या हातांनी दोन टाक्यांच्या मधे पाणी कधी चुकवलं नाही. ते काम आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. म्हणून चौदा पायऱ्यांत पंधरावी आली नाही, म्हणून कोलकात्याच्या माणसालाही दिसली नाही. जे औषध पाच मिनिटं मुरवायचं, तेच हे नळाखाली धुऊन टाकत होते आणि मग सोड्याला विचारत होते, चित्र कुठंय?

चूक सापडली तरी जीव काही मानेना. म्हणाले, ‘पण मधे पाणी नाही दाखवलं तर अ चे थेंब ब मध्ये जाणार. ब बिघडेल.’

मी उठले, चिकनचं पातेलं आणून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘सकाळपासून मसाला लावून मुरत ठेवलंय. आता फोडणीत टाकायच्या आधी हे नळाखाली स्वच्छ धुऊन काढते. चालेल?’

‘वेड लागलंय का तुला?’

‘फोडणी बिघडेल ना, मसाला लागून!’

हे पातेल्याकडं बघत बसले. मग हसायला लागले, इतके, की मला पातेलं काढून घ्यावं लागलं. फ्रिजवरच्या कागदाशी जाऊन ‘केसरबाईनं दार उघडलं’ खोडलं. त्या जागी स्वतःचं नाव मात्र लिहिलं नाही, ते माझ्या ध्यानात आहे.

चाचणीच्या फिल्मचा वीतभर तुकडा न धुता उरला होता, तो धुतला. मी पूर्ण वेळ डावं मनगट धरून उभी. तुकडा असा निघाला की टँकरवरचा नंबर वाचता येत होता. उरला तो लाईनीचा रोल. मी म्हटलं, धरते हात. तर म्हणाले, ‘आता नको. आता कळलंय मला.’ आणि दार लावून घेतलं, त्या हुकमाच्या पाटीसकट. कळलं ते डोक्याला हो. हाताला कोणी सांगितलं होतं? सत्तावीस वर्षांची सवय एका पातेल्यानं जाते होय? मी मागच्या गॅलरीत गेले आणि बाथरूमच्या पाण्याचा कॉक गच्च फिरवून बंद केला. बाटल्यांतली औषधं आतच होती आणि धुवायला वरचं पाणी लागणार होतं ते शेवटी, तेवढं मला आता पाठ झालं होतं.

‘पाच मिनिटं!’ मी ओरडले. अ बाटलीत गेल्याचं ऐकू आलं. आणि मग नळ. फुर्र, खर्र, खर्र.

‘केसर! पाणी गेलं!’

‘पाणी गेलं नाही, मी घालवलंय! ब ओता!’

मी दाराला कान लावला.

‘ओतलं का?’

‘ओतलं,’ हे म्हणाले, अगदी लहान आवाजात.

ब ची मिनिटं संपल्यावर ‘आता सोड’ म्हणाले आणि मी कॉक उघडला. मग पाणी, मग चित्र पक्कं करायचं औषध, हायपो, मग पुन्हा पाणी. शेवटी झाकण उघडल्याचा टक्क आवाज आला, आणि पुढं काहीच नाही. मी दोन हाका मारल्या. मग मात्र हुकूम गेला खड्ड्यात, दिलं दार ढकलून. हे हात उंच करून उभे होते, फिल्म वरून पार फरशीपर्यंत लोंबत होती, काळी, गच्च, चौकोनामागून चौकोन. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

‘सगळे आहेत,’ म्हणाले. ‘सगळे आहेत गं.’

मी पदरानं पुसलं. मीही रडले, आता लपवायचं काय त्यात.

रविवारी अकरा जण घरी आले. संघर्षनं फिल्मचे मोबाईलवर फोटो घेऊन त्यांचं काळ्याचं पांढरं केलं होतं, ते टीव्हीवर लावले. आमच्या हॉलमध्ये सोफा, चार खुर्च्या आणि दिवाण, सगळं भरलं, दोघं जमिनीवर. एकेक फोटो आला की आरडाओरडा. कोणाचं पोट, कोणाचं टक्कल. नानासाहेब स्वतःला बघून म्हणाले, ‘आयला, आमी एवढं म्हातारं दिसतो व्हय?’

मी चहाचे कप भरता भरता दारात उभी राहून बघत होते. लांबच लांब खोली, दोन्ही बाजूंना काळ्या टाक्या, टाक्यांवरून वाफ, खाली ओल्या जाळीची चालायची वाट. मग एक फोटो आला तो ह्यांचा. तेवढा एक नानासाहेबांनी काढला होता. हे दोन टाक्यांच्या मधे उभे, पायात गमबूट, दोन्ही हातांत बोल्टांनी भरलेली रॅक, वाकलेले. मी त्या फोटोत इकडून तिकडं सगळीकडं शोधलं. एक गोष्ट काही सापडेना.

‘बसायला कुठं असायचं?’ मी विचारलं.

‘बसायचं?’ नानासाहेब हसले. ‘वहिनी, तिथं कुठलं आलंय बसणं! बसलं की टाकीतला माल गेलाच. जेवणाचा अर्धा तास, तेवढंच काय ते बूड टेकायचं.’

सगळे हसले. हेही हसले. मला काही हसू येईना. सत्तावीस वर्षं रोज हा माणूस घरात आला की चपला न काढता पहिल्या खुर्चीत बसायचा आणि अर्धा तास हलायचा नाही. आणि सत्तावीस वर्षं रोज मी म्हणायचे, आल्या आल्या बसता काय, उठा, जरा दळण आणून द्या. जाऊन आणायचेसुद्धा. एकदाही म्हणाले नाहीत की सकाळपासून उभा आहे म्हणून.

आतासुद्धा सगळ्यांना जागा देऊन हे टीव्हीच्या बाजूला भिंतीशी उभेच होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

‘नानासाहेब, जरा सरका,’ मी म्हटलं. ‘ह्यांना बसू द्या.’